मेल कधी जातो, कधी जात नाही, मग नक्की बिघडलंय काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतलं एक सीए ऑफिस, चार कॉम्प्युटर, चारहीवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, मेल स्वतःच्या डोमेनवरचा आणि तो शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर. मेल येतात व्यवस्थित. पाठवताना मात्र दिवसातनं तीन-चार वेळा "सेंडिंग ऑफ द मेसेज फेल्ड" म्हणून खिडकी उघडते आणि अर्ध्या तासानं तोच मेल परत पाठवला की एका फटक्यात जातो. मोबाईलवरून केव्हाही जातो. थंडरबर्ड दोनदा काढून परत टाकून झालाय, अँटिव्हायरसही बदलून झालाय, होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ओके आहे, नेटवाला म्हणतो स्पीड येतोय ना, मग झालं. आता करायचं काय?

ताई, पहिलं म्हणजे थंडरबर्ड तिसऱ्यांदा काढू नका. मी वीसेक वर्षं कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि मेल बघतोय, आणि दर वेळी मी पोचायच्या आधी कुणीतरी प्रोग्राम काढून परत टाकलेला असतो. त्यानं काही होत नाही कारण थंडरबर्ड काढला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे तुमची खाती, सेटिंग, पासवर्ड सगळं विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये तसंच राहतं आणि नवीन टाकलेला थंडरबर्ड तेच उचलतो. म्हणजे तुम्ही घराला नवीन दार बसवलं, आत सगळं तेच.

दुसरं, "कधी कधी" हा शब्द तुम्हाला त्रासदायक वाटतोय पण माझ्यासाठी तो सगळ्यात कामाचा आहे. पासवर्ड चुकीचा असता तर एकही मेल गेला नसता. पोर्ट, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायच्या दाराचा नंबर, चुकीचा असता, सर्व्हरचं नाव चुकलं असतं, तरी एकही गेला नसता. म्हणजे जे जे दिवसभर तसंच राहतं ते सगळं सुटलं. आता शोधायचं फक्त ते जे बदलतं. आणि मेल पाठवण्याच्या भानगडीत बदलणाऱ्या गोष्टी फार नसतात हो: ऑफिसचा बाहेरचा आयपी, म्हणजे नेटवर तुमचं ऑफिस ज्या नंबरनं दिसतं तो, बदलतो, मेलचा साइज बदलतो, तासाला किती मेल गेले तो आकडा बदलतो, कुठल्या खात्यातून पाठवताय ते बदलतं, आणि ऑफिसच्या वायफायवर कोण कोण बसलंय ते बदलतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याची गंमत पुढं सांगतो.

"मेल येतात म्हणजे नेट बरोबर आहे" हे मात्र डोक्यातून काढा. येणारा मेल आयमॅपनं येतो, साधारण ९९३ पोर्टवरून, आणि जाणारा एसएमटीपीनं जातो, ५८७ किंवा ४६५ वरून. दोन वेगळे रस्ते, बरेचदा आत गेल्यावर सर्व्हरवरचे दोन वेगळे प्रोग्राम. एक चालू म्हणजे दुसरा चालू असं काही नाही. आणि तुमच्या सेटिंगमध्ये अजून २५ नंबरचा पोर्ट असेल तर तो आजच बदला, तो सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा पोर्ट आहे, स्पॅममुळे बरेच नेटवाले तो बंद ठेवतात. ४६५ असेल तर सिक्युरिटीत एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं की थंडरबर्ड नुसता ताटकळत बसतो आणि शेवटी टाइमआउट देतो, लोकांना वाटतं सर्व्हर स्लो आहे. दोन्हीतलं चांगलं कुठलं यावर लोक भांडतात, २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानकात पहिल्यापासून एन्क्रिप्टेड असलेलं कनेक्शन, म्हणजे ४६५ वालं, बरं असं म्हटलंय, मीही तेच लावतो, पण ५८७ चालत असेल तर मुद्दाम हात लावायला जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. एरर आली की लोक काय करतात, ओके दाबतात. दाबू नका. त्या खिडकीत तीन आकडी नंबर आहे का बघा. मला फोन येतो "मेल जात नाहीये", मी विचारतो काय लिहून आलंय, तर "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं". अहो त्या इंग्लिशमध्येच उत्तर असतं!

नंबर आला म्हणजे तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरपर्यंत पोचला, बोलणं झालं, आणि सर्व्हरनं नाही म्हटलं. नंबर नाहीच आला, नुसतं टाइमआउट किंवा कनेक्शन तुटलं असं आलं, तर तुम्ही पोचलाच नाहीत किंवा मधेच कुणीतरी हात धरला. या दोन गोष्टींचा तपास पूर्ण वेगळा. नंबर असेल तर पहिला आकडा बघायचा. ४ नं सुरू होत असेल तर "आत्ता नाही, नंतर या". ५ नं सुरू होत असेल तर "नाही म्हणजे नाही". ४२१ म्हणजे सर्व्हर बिझी किंवा एकाच वेळी फार कनेक्शनं, ४५१ म्हणजे तात्पुरती अडचण, ५३५ म्हणजे लॉगिन चुकलं, ५५० म्हणजे बरंच काही असू शकतं, पुढचं वाक्य वाचावं लागतं, ५५२ मध्ये बहुतेकदा साइज किंवा जागा, ५५४ मध्ये बरेचदा तुमचा आयपी काळ्या यादीत. एवढे आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा, निम्मा तपास तिथंच होतो.

आणि एक वही करा. खरंच वही, साधी शंभरपानी. मेल अडकला की त्यात लिहायचं: किती वाजता, कुठला कॉम्प्युटर, कुठल्या खात्यातून, अटॅचमेंट किती एमबीची, एररमधलं वाक्य जसंच्या तसं किंवा मोबाईलनं फोटो, आणि त्या क्षणी ब्राउझरमध्ये "व्हॉट इज माय आयपी" टाकून आलेला आकडा. शिवाय मेल नीट गेला तेव्हाच्याही एक-दोन नोंदी करायच्या, हे सगळे विसरतात. नुसते अडकलेलेच लिहिले तर तुलना कशाशी करणार?

ही वही का म्हणतो त्याचा किस्सा. इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याचं ऑफिस, सहा कॉम्प्युटर, तुमच्यासारखंच स्वतःचं डोमेन आणि शेअर्ड होस्टिंग. मेल कधी जायचे, कधी नाही, आणि बंद झाले की सहाच्या सहा कॉम्प्युटरचे एकदम बंद. मी दोन चकरा मारल्या, दोन्ही वेळा मी असताना सगळं चालू. राउटर बदलून झाला, नेटवाल्याला शिव्या घालून झाल्या. मग मी अकाउंट बघणाऱ्या मॅडमना वही लिहायला सांगितली. आठवड्यानं गेलो तर त्यांनी वेळा इतक्या नीट लिहिलेल्या की नुसत्या वाचूनच कळत होतं काहीतरी आहे: सोमवारी साडेअकरा ते दीड, मंगळवारी काहीच नाही, बुधवारी अकरा ते एक आणि परत चार ते सहा, गुरुवारी काहीच नाही. मी म्हणलं मंगळवारी-गुरुवारी वेगळं काय असतं? मॅडम हसल्या, म्हणाल्या मंगळवारी आणि गुरुवारी शेठ ऑफिसला येत नाहीत, कारखान्यावर असतात.

तर शेठ आले की मेल बंद, शेठ गेले की मेल चालू. स्टाफमध्ये त्यावर जे विनोद व्हायचे ते झाले. पण कारण साधं होतं. दीड-दोन महिन्यांपूर्वी शेठच्या खात्याचा पासवर्ड बदलला होता, कॉम्प्युटरवर नवीन टाकला, आणि मोबाईलच्या मेल ॲपमध्ये जुनाच राहिला. शेठ फोनवर फक्त जीमेल बघायचे त्यामुळं त्यांना पत्ताच नाही. फोन ऑफिसच्या वायफायला जोडला गेला की मागच्या मागं दर थोड्या वेळानं जुन्या पासवर्डनं लॉगिन मारायचा, सर्व्हर बघायचा की या आयपीवरून कुणीतरी सारखा चुकीचा पासवर्ड मारतोय, म्हणजे चोर आहे, आणि तो आयपीच काही वेळासाठी बंद करून टाकायचा. ऑफिसमधले सगळे कॉम्प्युटर बाहेर एकाच आयपीनं दिसतात, त्यामुळं एका फोनपायी सहाजण बाहेर. फोन बाहेर पडला की बंदीची मुदत संपायची आणि सगळं आपोआप चालू.

असले चौकीदार प्रोग्राम आजकाल जवळपास प्रत्येक होस्टिंगवर असतात. फेल टू बॅन नावाचा एक प्रसिद्ध आहे, त्याचं मुळातलं सेटिंग असं की दहा मिनिटांत पाच वेळा चुकलात की दहा मिनिटं बाहेर, होस्टिंगवाले ते आपल्या सोयीनं वाढवतात. आणि काही चौकीदार नुसता मेलचा पोर्ट नाही तर तुमच्या आयपीला सगळंच बंद करतात. म्हणून एक फुकटची टेस्ट सांगतो: मेल अडकला की त्याच मिनिटाला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपलीच वेबसाइट उघडून बघा, जी त्याच होस्टिंगवर आहे ती. बाकी सगळं नेट चालतंय, फक्त आपलीच साइट उघडत नाही, आणि मोबाईलचं स्वतःचं नेट लावलं की उघडते, असं असेल तर ऐंशी टक्के तरी तुम्हाला चौकीदारानं बाहेर काढलंय. उलटं खरं नाही, साइट उघडली म्हणून बंदी नाहीच असं म्हणता येत नाही, नुसता मेलच बंद केलेला असू शकतो. तुमचे "येणारे व्यवस्थित येतात" हे मात्र जरा नीट बघा, अडकलेल्या अर्ध्या तासात नवीन मेल खरंच येत होते का, का आधीच आलेले दिसत होते? थंडरबर्ड जुने मेल दाखवत राहतो त्यामुळं फसायला होतं.

होस्टिंगवाल्याला "मेल जात नाही" असं सांगू नका, "ओके आहे" हेच उत्तर मिळणार, कारण तो बघतो तेव्हा ओकेच असतं. त्याला सांगा, आमचा आयपी अमुक, आज अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बंद होता, फायरवॉलच्या लॉगमध्ये या आयपीवर ब्लॉक लागलाय का आणि कुठल्या खात्याच्या चुकीच्या लॉगिनमुळं, ते बघून सांगा. आयपी आणि वेळ दिली की समोरच्याला टाळता येत नाही. मग ज्या खात्याचं नाव येईल त्याचे जुने फोन, जुने टॅब, घरचा लॅपटॉप, आणि ऑफिसमधलं स्कॅन करून मेल करणारं झेरॉक्स मशीन शोधा. हो, ते मशीनसुद्धा! त्यात कुणीतरी कधीतरी पासवर्ड टाकलेला असतो आणि तो बदलायचा असतो हे कुणाच्या बापाला आठवत नाही.

आता मोबाईलवरून जातो म्हणताय ते. मोबाईल तेव्हा ऑफिसच्या वायफायवर होता का स्वतःच्या नेटवर? प्रश्नात लिहिलेलं नाही आणि सगळं त्याच्यावर आहे. स्वतःच्या नेटवर असेल तर त्याचा आयपी वेगळा, म्हणजे तपास ऑफिसच्या आयपीकडं, राउटरकडं किंवा नेटवाल्याकडं जातो. ऑफिसच्याच वायफायवर असून फोनवरून जात असेल आणि कॉम्प्युटरवरून नाही, तर दोष कॉम्प्युटरमध्येच. पुढच्या वेळी अडकला की उलटंही करा, कॉम्प्युटरला फोनचा हॉटस्पॉट लावून तोच मेल पाठवा. दोन मिनिटांचं काम, आणि याच्याइतकी चांगली टेस्ट मला अजून सापडलेली नाही.

आयपीचा विषय निघालाय तर तो संपवून टाकू. साध्या ब्रॉडबँडवर आयपी तुमच्या मालकीचा नसतो, राउटर बंद-चालू झाला की बदलतो, आणि बऱ्याच ठिकाणी तर एक आयपी शेकडो लोकांमध्ये वाटलेला असतो. त्यातल्या कुणाच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस स्पॅम सोडत असेल तर तो आयपी स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या याद्यांमध्ये जातो आणि तुमचा संबंध नसताना तुम्ही अडकता, मग लाइट जाऊन येते, राउटर परत चालू होतो, नवीन आयपी मिळतो, आणि तुम्हाला वाटतं आपोआप नीट झालं. नीट झालेलं नसतं, पत्ते परत पिसले गेले एवढंच. स्पॅमहाउसची एक यादी तर अशी आहे की तिच्यात घरगुती बदलते आयपी मुद्दामच घातलेले असतात, गुन्हा केला म्हणून नाही, या आयपीवरून कुणी थेट २५ वर मेल सोडू नये म्हणून. जो माणूस युजरनेम-पासवर्ड देऊन ५८७ वरून येतोय त्याला सर्व्हरनं ही यादी लावायचीच नसते. पण काही होस्टिंगवाले सरसकट लावतात. एररमध्ये ५५४ किंवा ५५० बरोबर त्या यादीचं नाव दिसलं तर होस्टिंगवाल्याला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवा, आमचं ऑथेंटिकेटेड कनेक्शन आहे, याला ही यादी का लावताय.

दोन नेट असलेली ऑफिसं याचंच भावंड. एक फायबर, एक बॅकअपला दुसरं, आणि राउटर दोन्हीवर लोड वाटतो. मग एक मेल या लाइननं, दुसरा त्या लाइननं, आणि एका लाइनीत काही गडबड असेल तर मेल अगदी नाणेफेक केल्यासारखे जातात. वहीत आयपी लिहायला सांगितला तो याचसाठी.

आता साइज. तुमच्याकडं बॅलन्सशीट, रिटर्न, नोटिसांचे स्कॅन, म्हणजे अटॅचमेंट जडच असणार. दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. पहिली, मर्यादा. अटॅचमेंट मेलमध्ये जाते तेव्हा तिचं अक्षरांत रूपांतर होतं, तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल साधारण एक-तृतीयांशानं फुगते. १८ एमबीची पीडीएफ जाताना २४-२५ एमबीची होते. जीमेलची मर्यादा २५ एमबी, शेअर्ड होस्टिंगवर कमीही असू शकते. "माझी फाइल तर वीसचीच आहे" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पण यात निदान ५५२ सारखा स्पष्ट नंबर येतो.

दुसरी गोष्ट जास्त छळते: साधा दोन ओळींचा मेल पटकन जातो आणि अर्ध्या एमबीची अटॅचमेंट लावली की निळी पट्टी अर्ध्यात थांबते, मग टाइमआउट, नंबर वगैरे काही नाही. हे असं दिसलं की मी आधी एमटीयू, म्हणजे नेटवरच्या पाकिटाचा कमाल आकार, बघतो. नेटवर माल लहान लहान पाकिटांत जातो, नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं, पण ज्या फायबरला युजरनेम-पासवर्डनं लॉगिन होतं तिथं ते १४९२ चं होतं. मोठं पाकीट आलं की वाटेतल्या मशीननं "लहान करून पाठव" असा निरोप द्यायचा असतो, आणि कुणीतरी अतिशहाण्यानं फायरवॉलमध्ये तो निरोपच बंद केलेला असतो. मग मोठी पाकिटं वाटेत गायब, लहान मेल सुखरूप. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारायची कमांड, तिला सर्व्हरचं नाव, वजा एफ, वजा एल आणि १४६४ देऊन बघा, वरचे २८ बाइट हेडरचे, बेरीज १४९२. "फ्रॅगमेंट करायला हवं" असं आलं किंवा उत्तरच आलं नाही तर आकडा दहा-दहानं उतरवत जा, जिथं उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवा आणि ती संख्या राउटरमध्ये एमटीयू म्हणून टाका. मी हे करून चालू केलेली ऑफिसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत पण त्या प्रत्येकात आधी महिनोन्महिने अँटिव्हायरसला दोष दिला जात होता.

अँटिव्हायरस निर्दोष असतो असंही नाही हां. त्यातलं जाणारे मेल तपासायचं फीचर तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये बसून एन्क्रिप्शन उघडतं, तपासतं, परत बंद करतं, आणि त्याचं अपडेट चालू असलं की तेवढा वेळ मेल लटकतात. अख्खा अँटिव्हायरस काढू नका, नुसतं जाणाऱ्या मेलचं स्कॅनिंग दोन दिवस बंद ठेवून बघा. तुमच्याकडं अँटिव्हायरस बदलूनही फरक पडला नाही म्हणजे बहुतेक हे नाहीच.

आता थंडरबर्डची स्वतःची एक खोड, जिच्यामुळं मेल न जाण्याचा नुसता भास होतो. मेल पाठवला की थंडरबर्ड दोन कामं करतो, आधी एसएमटीपीनं मेल देतो, मग आयमॅपनं त्याची कॉपी सेंट फोल्डरमध्ये ठेवायला जातो. हे दुसरं काम अडकलं तरी खिडकी बंद होत नाही, एरर येते, आणि माणूस परत सेंड दाबतो. क्लायंटला तीच नोटीस तीनदा जाते. एररमध्ये "कॉपी" आणि "सेंट" असे शब्द दिसले तर मेल गेलेला आहे, परत पाठवू नका, आधी सेंट फोल्डर फार फुगलाय का आणि मेलबॉक्सचा कोटा भरलाय का ते बघा, सीए ऑफिसात मार्चनंतर तो भरलेलाच असतो. खातं जीमेलचं असेल तर जीमेल स्वतःच सेंटमध्ये कॉपी ठेवतं, थंडरबर्डमधली "प्लेस अ कॉपी इन" ची खूण काढून टाका, एक काम कमी.

दुसरी खोड अशी की थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या सर्व्हरांची यादी खात्यांपासून वेगळी, अकाउंट सेटिंगच्या अगदी तळाशी असते. एका कॉम्प्युटरवर ऑफिसचं, सरांचं, आणि कुणाचं तरी खाजगी जीमेल अशी तीन खाती असली की एखाद्या खात्याला चुकून दुसऱ्याचा सर्व्हर जोडलेला राहतो. मग ऑफिसच्या खात्यातून पाठवलं की जातं, सरांच्या खात्यातून पाठवलं की ५५३ किंवा ५५० येऊन "हा पत्ता तुमचा नाही". बाहेरून बघणाऱ्याला हे "कधी कधी" वाटतं. प्रत्येक खात्यावर क्लिक करून उजवीकडं खाली आउटगोइंग सर्व्हर कुठला निवडलाय ते डोळ्यांनी बघा, चार कॉम्प्युटरला पंधरा मिनिटं लागतील.

तासाचा मीटर. शेअर्ड होस्टिंगवाले एका डोमेनला तासाला इतकेच मेल असं बांधून ठेवतात, आकडा प्रत्येकाचा वेगळा, विचारून घ्या. आणि मोजणी बहुतेक ठिकाणी माणसांवर होते, मेलवर नाही, म्हणजे साठ क्लायंटना बीसीसी टाकून "ॲडव्हान्स टॅक्सची तारीख जवळ आली" असा एकच मेल सोडला तरी साठ मोजले जातात. त्यात दहा पत्ते मेलेले असतील तर ते वेगळंच, सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचा एक प्रोग्राम) असलेल्या सर्व्हरवर "मॅक्स डिफर्स अँड फेल्युअर्स पर अवर" असं वाक्य बाउन्समध्ये, म्हणजे परत आलेल्या मेलमध्ये, दिसलं तर समजा की चुकीच्या पत्त्यांचा कोटा भरला, आता तासभर कुणाचेच मेल जाणार नाहीत. तुमचं अर्ध्या-एक तासानं आपोआप जाणं याच्याशीही जुळतं, म्हणून वहीत बघा की अडकायच्या आधी कुणी मोठा बीसीसी मेल सोडला होता का. तारखा जवळ आल्या की त्रास वाढत असेल तर माझा पहिला संशय इथंच.

बारीकसारीक उरलेलं पटापट सांगतो. एकाच कॉम्प्युटरवर, रोज सकाळीच, सर्टिफिकेटची तक्रार येत असेल तर खाली उजवीकडं तारीख बघा, मदरबोर्डवरची सीआर २०३२ ची बटण बॅटरी संपली की रात्री लाइट गेल्यावर कॉम्प्युटर जुन्या सालात जातो आणि त्याच्या लेखी सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं, पुढं नेटवरून वेळ जुळली की सगळं बरोबर. पन्नासेक रुपयांचं काम. दर तीन महिन्यांनी एकदम सगळ्या कॉम्प्युटरवर सर्टिफिकेटची बोंब उठत असेल तर होस्टिंगवरचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट नवीन झालंय पण मेलच्या प्रोग्रामनं ते उचललेलं नाही, होस्टिंगवाल्याला सांगा, आणि कृपा करून "ॲड एक्सेप्शन" दाबत सुटू नका. पाठवायला पहिल्यांदा मिनिटभर लागतो आणि मग जातो असं असेल तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी, अर्धवट चालत असण्याचा संशय, थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये, म्हणजे बारीक सेटिंगच्या यादीत, नेटवर्क डॉट डीएनएस डॉट डिसेबल आयपीव्ही६ हे ट्रू करून दोन दिवस बघा, फरक पडला नाही तर परत फॉल्स करा.

कुणी आउटलुकवाले हे वाचत असतील तर त्यांना एकच सांगतो, आउटबॉक्समध्ये थांबलेला मेल "बघू काय झालंय" म्हणून उघडू नका. जुन्या आउटलुकमध्ये तो उघडून नुसता बंद केला की त्याचं तिरकं अक्षर सरळ होतं आणि मग तो पाठवायच्या रांगेतून बाहेर पडतो, जन्मभर तिथंच बसेल. उघडलाच तर आतून परत सेंड दाबायचं. आणि ज्यांचं खातं फुकटच्या जीमेलचं आहे आणि एके दिवशी कायमचंच बंद पडलं ते "कधी कधी"मध्ये येत नाहीत, गूगलनं ३० मे २०२२ पासून साधा पासवर्ड घेणं बंद केलंय, टू-स्टेप चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घ्या किंवा सेटिंगमध्ये ओऑथ२, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या पानावरून लॉगिन, निवडा.

एवढं करूनही एरर मोघमच येत असेल तर लॉग काढायचा. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये मेलन्यूज डॉट एसएमटीपी डॉट लॉगलेव्हल शोधा, तिथं "ऑल" लिहा, ए कॅपिटल, मग कंट्रोल शिफ्ट जे दाबून एरर कन्सोल उघडा ठेवून मेल पाठवा. सर्व्हरशी झालेलं अख्खं बोलणं ओळीनं दिसतं, कोण काय म्हणालं आणि शेवटचा शब्द कुणाचा होता. शेवटची ओळ तुमची असेल आणि पुढं शांतता, तर वाटेत अडकलंय. शेवटची ओळ सर्व्हरची असेल तर त्यानं का नाही म्हटलं ते त्यातच लिहिलेलं आहे. हा लॉग कुणाला पाठवण्याआधी लॉगिनच्या ओळी आणि क्लायंटचे पत्ते पुसा, त्या ओळीत पासवर्ड उतरला असेल तर तो गिचमिड दिसतो पण उलटा वाचता येतो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज विचाराल तर चारही कॉम्प्युटर एकदम अडकत असतील तर आधी चौकीदार, मग तासाचा मीटर. एकच अडकत असेल तर त्याच्या आउटगोइंग सर्व्हरची निवड, मग अँटिव्हायरस. फक्त अटॅचमेंटवाले अडकत असतील तर एमटीयू. सोमवारपासून वही सुरू करा, शुक्रवारपर्यंत जे लिहून होईल त्याचे फोटो आणि मोबाईल कुठल्या नेटवर होता ते कळवा, आणि त्या आठवड्यात सर किती वाजता येतात-जातात तेही जरा बाजूला लिहून ठेवा.